भंगाराचा दुष्काळ

कित्येक वर्षे गडचिरोली जिल्ह्यातली रेल्वे म्हणजे वडसा स्टेशन, एवढाच हिशेब होता. स्टेशनच्या पाटीवर वडसा, तहसिलीच्या पाटीवर देसाईगंज. नवखा माणूस गाडीतून उतरून देसाईगंजला कसे जायचे विचारतो, आणि रिक्षावाला त्याला मोठ्या आदराने बसवून घेतो. नवे नाव आले म्हणून जुने टाकून द्यावे, हे गावाला पटले नाही. दोन्ही ठेवली. असू द्या, कामात येतील.

‘असू दे, कामात येईल’ हे ज्या घरात सकाळ-संध्याकाळ ऐकू येते, त्याच घरात एक दिवस शाळेची चिठ्ठी येते. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ स्पर्धा. साहित्य : पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या सीडी, पुठ्ठा, सुतळी. खाली सूचना : विकत आणलेले साहित्य चालणार नाही. ही शेवटची ओळ ज्यांनी लिहिली, त्यांनी वडशातले घर आतून पाहिलेले नसावे.

बाटलीचेच घ्या. पाण्याची बाटली आमच्याकडे रिकामी होते, पण रिकामी राहत नाही. एक पाणी घेऊन शेतावर जाते. एकीत गाडीसाठी मोजून आणलेले पेट्रोल असते, एकीत मोहाच्या टोळांचे, म्हणजे बियांचे, तेल, आणि एकीत कोणीतरी काशीहून आणलेले गंगाजल. शेवटच्या दोन बाटल्यांवर खुणेचे दोरे बांधलेले असतात आणि त्या खुणा फक्त घरच्या म्हातारीला कळतात. एवढे करून दोन-चार उरल्याच, तर त्या लाल पाणी भरून अंगणाच्या कडेला उभ्या केलेल्या असतात. लाल पाणी दिसले की कुत्रे दारात घाण करत नाही, हा शोध विदर्भात नेमका कोणी लावला ते कळत नाही. कुत्र्यांपर्यंत तो नक्कीच पोहोचलेला नाही, कारण ती बाटलीला पाठ लावून निवांत झोपतात. तरी स्पर्धेसाठी ती बाटली उचलून बघा! ‘राहू दे तिथंच. अन् उद्या कुत्र्यानं केलं तं?’

सीडी तर केव्हाच शेतावर गेल्या. धान भरायला लागले की धुऱ्यावर काठ्या रोवून त्यांना सीडी टांगतात. वारा आला की ती गरगर फिरते, उन्हात चमकते आणि पाखरे बुजतात. त्या सीडीत कोणाचे ना कोणाचे लग्न आहे. मंडपात जावईबापूंना घरातले पोरसुद्धा भ्यायले नव्हते. आता पोपटांचा थवा त्यांना पाहून वाट बदलतो.

तेलाच्या पिप्याची गोष्ट जरा नाजूक. पंधरा किलोचा टिनाचा पिपा म्हणजे घरचा कर्ता माणूस. आधी तेल, मग तांदूळ, मग बुडाला गंज चढला की पाणी तापवायला, बूड गेले की कापून शेगडी, आणि शेगडीही फाटली की पत्रा ठोकून सपाट करायचा आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावायचा. एका घरी नातवाने तिसऱ्या टप्प्यावरच्या पिप्याला हात घातला.

‘आबाजी, हा पिपा देता का जी? स्पर्धेले पाहिजे.’

‘अन् पानी कायच्यात तापवू? तुह्या स्पर्धेत?’

‘जुना झाला ना जी तो.’

‘मी बी जुना झालो. मले नेतं का?’

नातू पिप्यावरून साडीकडे वळला. पण साडीलाही आमच्याकडे निवृत्ती नसते. ती आधी झोळी होते, मग गोधडी, मग दाराचा पडदा, आणि सरतेशेवटी पोछा. साडीचा शेवट पोछ्यात होतो, पोछ्याचा शेवट मात्र होत नाही. मग कोणीतरी सुचवले, पोत्याची बाहुली करू. ऐन धान खरेदीच्या हंगामात पोते मागायचे! बारदान्याअभावी धान खरेदी रखडली, ही बातमी आमच्याकडे हिवाळ्याबरोबर येते. वर्तमानपत्रांनी तिचा ठसा करून ठेवला असेल तर नवल नाही, तेवढीच अक्षरजुळणीची बचत. अशा दिवसांत पोत्याची बाहुली घेऊन कोणी बाजारातून निघाले, तर दोन-चार शेतकरी तिला वाटेतच उसवून तिच्यात धान भरतील.

शेवटी नाइलाजाने दुकान गाठावे लागते. स्टेशनरीच्या दुकानात टाकाऊ वस्तू नव्याकोऱ्या मिळतात. आइस्क्रीमच्या काड्यांचे पाकीट असते, त्यातल्या काड्यांनी जन्मात आइस्क्रीम पाहिलेले नसते. रंगीत सुतळीचा गुंडा, चमकी, बाहुलीचे हलणारे डोळे, सगळे टांगलेले. दुकानदार एकच विचारतो, ‘कितवीत हाय पोरगा?’ इयत्ता ऐकून तो कचऱ्याचे माप काढतो. पाचवीला पेनस्टँड, सातवीला झोपडी आणि विहीर, नववीला सौरऊर्जेवरचे आदर्श गाव. दहावीला काही नाही, दहावीला अभ्यास असतो.

बाटल्याही रिकाम्याच हव्यात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी घरातले सगळे मिळून शीतपेय पितात. आजी एक घोट घेऊन ‘जीभ चावते’ म्हणते, तरी तिच्या पेल्यात पुन्हा ओततात, कारण किल्ल्याला चार बुरूज लागणार असतात. रात्री अकराला मूल झोपते आणि खरी स्पर्धा सुरू होते. वडिलांची बोटे फेविकॉलने एकमेकांना चिकटलेली, आई कात्रीने बाटलीचा गळा कापते आहे, काका येऊन म्हणतात, ‘हा बुरूज वाकडा हाय’, आणि निघून जातात. शेजारच्या वहिनी साखर मागायला म्हणून येतात आणि आपल्या घरच्या विहिरीला रहाट बसवायचे सुचले नव्हते, हे डोळ्यांत साठवून घेऊन जातात. सकाळी दोन्ही घरच्या विहिरींना रहाट असतो.

प्रदर्शनात परीक्षक गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि पहिलीतल्या मुलीला कौतुकाने विचारतात, ‘अरे वा! हे तू कशापासून बनवलंस, बाळा?’

‘बाबांपासून, सर.’

बक्षीस समारंभाच्या भाषणात नेकचंद हमखास येतात, आणि यावेही. चंदीगडला सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावर असलेला हा माणूस. नवे शहर वसवण्यासाठी जुनी गावे पाडली, त्यांचा मलबा, फुटकी भांडी, बांगड्यांच्या काचा, तुटलेले सिरॅमिक, असे सगळे सायकलवरून वाहून त्याने जंगलाच्या जमिनीत गुपचूप एक नगरी उभी केली. पुष्कळ वर्षे कोणाला पत्ता नव्हता. पत्ता लागला तेव्हा ती पाडायच्या गोष्टी झाल्या, पण १९७६ साली ती रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी उघडली. नेकचंदना पगारी पद मिळाले आणि हाताखाली पन्नास मजूर. आमच्याकडच्या श्रोत्यांना बांगड्यांच्या पुतळ्यांचे फारसे काही वाटत नाही. ज्यांच्या गावची जमीन कागदोपत्री झुडपी जंगल आहे आणि घराला ओटा बांधतानाही ज्यांना नकाशे आठवतात, ते एकाच जागी अडकतात. जंगलाच्या जमिनीवर न विचारता बांधकाम केले, आणि सरकारने वरून पगार दिला? मागच्या रांगेतून कोणी हळूच विचारतो, ‘अर्ज कोनाकडे केला होता जी त्यानं?’

माझे स्वतःचे मत विचाराल तर या भाषणांत अरविंद गुप्ता जास्त यायला हवेत. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला हा अभियंता १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि खेड्यातल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंत रमला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापायची, तुकड्यांत काड्यापेटीच्या काड्या खोवायच्या, की त्रिकोण, घन, घर, काय हवे ते उभे राहते. पुढे पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी असल्या खेळण्यांचा डोंगर उभा केला आणि २०१८ साली पद्मश्री मिळवली. त्यांच्या खेळण्याचे मर्म असे, की ते मोडायलाच केलेले असते. मोडले की आत काय होते ते कळते, आणि मग दुसरे करता येते. आमच्या स्पर्धेतल्या किल्ल्याला मुलाने बोट लावले की चार माणसे ओरडतात. ज्याचा किल्ला, त्यालाच हात लावायची बंदी.

तसे पाहिले तर वडशात याच विषयाची केवढी तरी कार्यशाळा दर हिवाळ्यात चालते. तिला उद्घाटन नाही, प्रमाणपत्र नाही, आणि तिला कार्यशाळा असे कोणी म्हणतही नाही. झाडीपट्टीचे नाटक म्हणतात.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा झाडीचा आणि धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास धान हाती यायला लागते आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पुढे दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. शर्यत पाहायला सोयरेधायरे लांबून बंड्या जुंपून येत. रात्री त्यांना मुक्कामाला ठेवायचे, तर करमणूक हवी. आधी दंडार होती, खडी गंमत होती. मग नाटक आले आणि ठाण मांडून बसले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले. ज्या बैलांच्या निमित्ताने हे सारे सुरू झाले ते गोठ्यात राहिले, आणि नाटक मात्र रात्रभर चालूच राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा बैल परत आले. नाटकवाल्यांनी त्यांना जागा दिली.

या धंद्याची पेठ म्हणजे वडसा. दसऱ्याच्या आगेमागे इथे नाट्यकंपन्यांची कार्यालये उघडतात. एरवी जिथे खताची पोती किंवा सायकलींची दुरुस्ती असते, तिथे रंगीत फलक लागतात, नट-नट्यांचे चेहरे रस्त्याकडे बघायला लागतात, आणि गावोगावच्या मंडळांची माणसे तारखा पक्क्या करायला येतात. मग रोज संध्याकाळी पडदे, दिवे, ऑर्गन, तबला आणि माणसे भरून गाड्या निघतात. रात्री दहा-अकराला सुरू झालेले नाटक पहाटे संपते, आणि उजाडता उजाडता गाड्या परत येतात. वडशात सकाळी नऊ वाजता दात घासणारा माणूस आळशी आहे असे समजू नये. तो पहाटेपर्यंत सावकार असू शकतो.

गावात नाट्यगृह नसतेच. धान निघालेली बांधी हेच नाट्यगृह. प्रेक्षकांसाठी जमीन खोलगट खणतात, चहूबाजूंनी आडोसा करतात, खाली तणीस अंथरतात. ज्या बांधीत पावसाळ्यात गुडघाभर चिखलात रोवणे केले, त्याच बांधीत हिवाळ्यात तिकीट काढून बसायचे. धानाने दाणा दिला, तणसाने गादी दिली आणि जमिनीने थिएटर दिले. आता तिच्याकडून आणखी काय काढता येईल, याचा विचार मंडळाचे कार्यकर्ते करतच असतात.

आडोशाला फ्लेक्स असतो. फ्लेक्सचे आयुष्य आमच्याकडे निवडणुकीनंतर सुरू होते. तोपर्यंत तो नुसता चौकात हात जोडून उभा असतो. नंतर तो धानाच्या पुंजण्यावर जातो. अवकाळी पाऊस आला, की चेहरा खाली आणि पाठ वर करून उमेदवार रात्रभर धानावर पालथा पडून राहतो, थेंब आत येऊ देत नाही. यात एक बारकावा आहे. निवडून आलेल्याचा फ्लेक्स अभिनंदनासाठी बरेच दिवस चौकातच राहतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या उपयोगी आधी पडतो तो पडलेलाच. धान विकले गेले की तोच फ्लेक्स नाटकाच्या मागे, रंगपटाच्या छताला. खाली नायिका आरशात बघून पावडर लावते आहे, आणि वर माजी उमेदवार उलटे टांगलेले, हात तसेच जोडलेले, ‘आपला आशीर्वाद असू द्या’. हंगाम संपला की बकऱ्यांचा गोठा आहेच. तिथे मात्र बकऱ्या हळूहळू जाहीरनाम्यापासून खायला सुरुवात करतात.

मला या सगळ्यात पडदा फार आवडतो. मी पाहिलेला एक पडदा दिवाणखान्याचा होता. रंगवलेले झुंबर, रंगवलेला जिना, आणि जिन्याशेजारी खिडकी. खिडकीतून समुद्र दिसत होता आणि किनाऱ्यावर नारळाची झाडे. एकाचा शेंडा कधीतरी फाटला असावा, कारण तिथे हिरव्या साडीचे ठिगळ होते, काठासकट. त्यामुळे त्या नारळाला बारीक सोनेरी जर होती. पुढे उभा असलेला जमीनदार ‘माझ्या या वैनगंगाकाठच्या वाड्यात’ म्हणून गरजत होता आणि मागे लाटा उसळत होत्या. हजारभर माणसांत एकालाही समुद्राची अडचण वाटली नाही. दुसऱ्या अंकात तोच दिवाणखाना इस्पितळ झाला, झुंबराखाली फक्त सलाईनची बाटली टांगली. बाटली पाण्याची होती. मला शाळेची चिठ्ठी आठवली आणि वाटले, नंबर काढायचा तर याचा काढा.

इन्स्पेक्टरच्या वर्दीचेही तेच. वर्दी एक आणि इन्स्पेक्टर बदलते. बारीक नट आला की पाठीमागे पिना लावतात, जाड आला की तो पूर्ण वेळ प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो, कारण पाठ उसवलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, काय करारी अधिकारी आहे! गुन्हेगाराकडेसुद्धा पाठ फिरवत नाही.

आणि गोष्टी? त्याही घरच्याच. सावकार, दारू, हुंडा, सासू, शहरात जाऊन बिघडलेला मुलगा, आणि पहाटे चारच्या सुमारास सगळ्यांना होणारा पश्चात्ताप. तो तीनला झाला तर लोक तक्रार करतात, पैसे रात्रभराचे दिलेत म्हणून. चालींमध्ये कधी नाट्यगीत ऐकू येते, कधी सिनेमा, कधी दोन्ही एकाच कडव्यात. पुण्या-मुंबईचे समीक्षक याला उसनवारी म्हणतील. म्हणोत बापडे. त्यांच्याकडे प्रयोगाला चारशे माणसे जमली की सत्कार होतो. इथे कुडकुडत्या थंडीत घोंगडी पांघरून त्याच्या कितीतरी पट माणसे उजाडेपर्यंत बसतात, आणि सकाळी कामाला जातात.

याच मातीतून परशुराम खुणे आले. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे शेतकरी. गावोगाव हसवत राहिलेल्या या नटाने आठशेवर भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग केले असे सांगतात, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पाच हजार रात्री जागून काढायच्या आणि दिवसा शेत बघायचे, यातला कोणता भाग कलेचा आणि कोणता पोटाचा, हे वेगळे करायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

गावाच्या बाजूने पाहिले तर नाटक फक्त रंगमंचावर नसते. ज्या रात्री प्रयोग, त्या रात्री घराघरात पाहुणे. तुमच्या गाद्या आमच्याकडे, आमची पातेली तुमच्याकडे, आणि सरपंचाच्या घरचा सोफा रंगमंचावर. दुसऱ्या अंकात खलनायक त्यावर जोरात बसला, की प्रेक्षकांतून सरपंचीणबाईंचा आवाज येतो, ‘हळू बसा जी!’ दोन अंकांच्या मध्ये चहाच्या टपरीवर सोयरिकीच्या गोष्टी निघतात. मुलगी कोणती, मुलगा कोणता, हे गर्दीतून बोट दाखवून सांगितले जाते. रंगमंचावर हुंड्याविरुद्ध भाषण चालू असताना टपरीवर मोटरसायकलीचा विषय मिटतो, असेही मी ऐकले आहे. समीक्षक तर सगळेच. नाटक संपल्यावर तोंड धुता धुता प्रत्येक जण शेवट बदलून सांगतो, आणि पुढच्या गावाला जाताना कंपनीचा लेखक त्यातले एखादे मुकाट्याने उचलतो. कोणाचे काय, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवला तर सोफा आधी परत करावा लागेल.

एका कार्यालयात मी बसलो होतो तेव्हाची गोष्ट. कुठल्याशा गावच्या मंडळाचे तिघे जण तारीख घ्यायला आले होते. तारीख ठरली, रक्कम दोनदा मोडून तिसऱ्यांदा ठरली, चहा झाला. इतक्यात त्यांच्यातला म्हातारा कोपऱ्यातल्या पडद्याच्या गुंडाळीपाशी गेला. त्याने टोक उलगडून बघितले.

‘मॅनेजर साहेब, हा तं गेल्या सालचाच पडदा हाय.’

‘हो जी.’

‘गेल्या साली याच्यात कोर्ट होतं.’

‘यंदाही कोर्टच हाय, काकाजी.’

‘नाटक नवं अन् कोर्ट तेच?’

मॅनेजरने चहाचा कप खाली ठेवला. ‘काकाजी, केस कुठं संपली अजून?’

म्हाताऱ्याची स्वतःची झुडपी जंगलाची तारीख पुढच्या आठवड्यात होती. त्याने बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि इसार टेबलावर ठेवला.